धक्क्यावरचं नाव

ऑब्री पेनहेल सदतीस वर्षं पोर्ट ॲडलेडच्या धक्क्यावर मालाची चढउतार करत होता, आणि तो वारल्यावर त्या धक्क्यावर त्याला ओळखणारं कुणी सापडेना.

सोमवारी सकाळी भाड्याच्या खोलीत त्याने प्राण सोडला. वय एकोणसत्तर. बुधवारच्या पेपरात चार ओळींची नोटीस आली. ऑब्री लिंडसे पेनहेल, निवृत्त गोदी कामगार, कोरलचे वडील, अंत्यविधी शुक्रवारी सकाळी अकरा वाजता. नोटीस कोरलने स्वतः लिहून दिली होती. ती शहरात शाळेत शिकवायची, चौतीस वर्षांची होती, आणि लिहिताना शब्द वाया घालवायची तिला सवय नव्हती. बुधवारी दिवसभर तिचा फोन वाजला नाही. वडिलांची घरमालकीण व्हॉस्टबाई, तिच्या दारावरही कुणी आलं नाही.

गुरुवारी सकाळी अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या नँकिव्हेलनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, “पेटी उचलायला सहा जण लागतात. तुमच्याकडचे किती?”

“अजून कुणी नाही,” कोरल म्हणाली.

“हरकत नाही. आमची माणसं आहेत. काळे कोट, पॉलिश केलेले बूट, सगळं व्यवस्थित असतं,” नँकिव्हेल म्हणाले. “पण बंदरातल्या माणसाला सहसा बंदरातलेच लोक उचलतात. म्हणून विचारलं.”

“आणि नाही आले तर?”

“तर आमची आहेतच की.”

कोरल सात वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. त्यानंतर वडील महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचे, व्हरांड्यात उभ्याउभ्या अर्धा तास काढायचे आणि जायचे. ती कॉलेजात गेल्यावर रविवार थांबले. मग वर्षातून दोन भेटी, नाताळला कार्ड. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. आपल्या बापाला एक तरी दोस्त होता की नव्हता, हे सांगता येईल असं माणूस आता तिच्या माहितीत उरलं नव्हतं. काळ्या कोटातली पगारी माणसं त्याला उचलून नेतील आणि ती मागून चालेल, हे चित्र तिला सहन होईना. तिने शाळेला फोन करून सुट्टी वाढवून घेतली आणि बस पकडून बंदरावर आली.

युनियनच्या हॉलमध्ये सेक्रेटरीने जाडजूड रजिस्टर काढलं. बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबला.

“पेनहेल, ए. एल. एकोणीसशे तेहतीस ते सत्तर. आहेत.”

“कुणाबरोबर काम करायचे ते?”

“ते टोळ्यांच्या याद्यांत असायचं. कंटेनर आले तेव्हा याद्या शहरातल्या ऑफिसात गेल्या. तिथून कुठे गेल्या ते तिथल्यांनाही ठाऊक नाही.” त्याने रजिस्टर मिटलं. “मागच्या खोलीत म्हातारे बसतात. त्यांना विचारा. पण नाव सांगून फारसा उपयोग नाही.”

“का?”

“बघालच.”

मागच्या खोलीत दोघे पत्ते खेळत होते. एकाच्या खुर्चीला दोन काठ्या टेकवून ठेवल्या होत्या. दुसरा बारीक, अंगात एप्रन, शेजारी गॅसवर किटली. कोरलने नाव सांगितलं. काठीवाल्याने ते नाव तोंडात घोळवून पाहिलं.

“पेनहेल. नाही बुवा. तू ऐकलंस का रे?”

“तांब्याच्या खाणीतल्या लोकांचं नाव वाटतं,” एप्रनवाला म्हणाला. “आमच्यात असला कुणी नव्हता, पोरी.”

“सदतीस वर्षं होते इथे. रजिस्टरात आहे.”

“रजिस्टरात मीसुद्धा मॉरिस डनस्टन आहे,” काठीवाला म्हणाला. “पण रस्त्यात कुणी मॉरिस म्हणून हाक मारली तर मी मान वळवणार नाही. पोलीस असेल असं वाटेल. मी बिशप. याला म्हणतात गार चहा. बस. धक्क्यावर काय म्हणायचे तुझ्या बापाला, ते सांग.”

“माहीत नाही.”

“घरी कधी बोलला नाही?”

“नाही.”

“नाहीच बोलणार,” गार चहा म्हणाला. “माझ्या बायकोला माझं नाव कळलं ते मी निवृत्त झालो त्या दिवशी. केकवर लिहिलं होतं. महिनाभर हसत होती.”

कोरलने पर्समधून फोटो काढला. वडिलांच्या लग्नातला, अडतीस सालचा. बिशपने तो खिडकीच्या उजेडात धरला.

“हा तर सिनेमात घ्यावा असा दिसतो. केस बघ किती. धक्क्यावर एवढे केस मी कुणाच्या डोक्यावर पाहिले नाहीत.”

“नंतर गेले. आणि डाव्या करंगळीचं टोक नव्हतं.”

गार चहाने स्वतःचा डावा पंजा टेबलावर ठेवला. दोन बोटं अर्धी होती. “क्रेनच्या दोराला बोटं आवडतात, पोरी. अजून काही सांग.”

“कमी बोलायचे.”

“रेडिओ,” गार चहा लगेच म्हणाला.

“रेडिओ म्हणजे बडबड्या ना?”

“छे गं. दिवसाला तीन शब्द. म्हणून तर रेडिओ. छोटू सहा फूट तीन इंच आहे. लाल केसांचा आला की तो निळ्या. इथे असंच.”

“म्हणजे सगळं उलट धरायचं.”

“सगळं नाही,” बिशप म्हणाला. “काही उलटी, काही सरळ. हा गार चहा सरळ आहे. वाफाळता कप फुंकत बसायचा आणि तेवढ्यात कामाचा भोंगा व्हायचा, चहा तसाच गार.”

“साफ खोटं. एकेचाळीस साली बोटीवरच्या स्वयंपाक्याशी माझं भांडण झालं, त्यावरून पडलं ते.”

“फुंकत बसायचास.”

“मग उलट कुठलं आणि सरळ कुठलं, हे ओळखायचं कसं?” कोरलने विचारलं.

“ओळखायचं नसतं. तिथे असायचं असतं,” बिशप म्हणाला. “माझंच घे. एक खराखुरा बिशप नव्या बोटीला आशीर्वाद द्यायला आला होता. नेमकं त्याच वेळी गव्हाचं पोतं माझ्या पायावर पडलं. मी जे काही बोललो—”

“तो साधा पाद्री होता.”

“बिशप होता. बिशपच्या झग्यात, सगळा जांभळा होता.”

“तुझं ऐकून झाला असेल.”

बिशपने तिकडे दुर्लक्ष केलं. “पण रेडिओ नव्हे, पोरी. रेडिओ साठ साली मेला.”

“नक्की?”

“पेटीच्या पुढच्या टोकाला मीच होतो.”

मग दोघांनी तिची उलटतपासणी सुरू केली. शिट्टी वाजवायचा का? घोड्यांवर पैसे लावायचा का? जेवणात काय आणायचा? टोपी कशी घालायचा, मागे सारून की डोळ्यांवर? दारू पिऊन गायचा की रडायचा? वर्गात अभ्यास न करता आलेल्या मुलाला उभं केल्यावर तो जसा खिडकीबाहेर बघतो, तसं तिचं झालं. बापाबद्दल तिच्याजवळ जे होतं ते सगळं व्हरांड्यातलं होतं. घोटलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदी पिशवी.

“पिशवीत काय असायचं?” गार चहाने विचारलं.

“अननसाचा डबा.”

“नुसता एक?”

“एकच. दर वेळी. त्याला पोचा पडलेला असायचा.”

दोघांनी पत्ते खाली ठेवले.

“पिशवी घेऊन कधी यायचा?” बिशपने विचारलं.

“महिन्याच्या पहिल्या रविवारी.”

“हातगाडी,” गार चहा म्हणाला.

“हातगाडीच,” बिशप म्हणाला. “तेवीस नंबरची टोळी. तू हातगाडीची पोर होय! अगं, मग तसं सांगायचं. पेनहेल कसलं घेऊन बसलीस!”

“ओळखता त्यांना?”

“आम्ही शेजारच्या टोळीत. पण अननसाच्या बाबतीत आम्हीही गुंतलो होतो ना.” बिशप पुढे वाकला. “हे बघ. बोटीवर जो माल फुटतो, चेपतो, तो व्यापारी घेत नाही. तो आमचा. आता डबे आपोआप थोडेच चेपतात? पेटी आपटावी लागते. हळू आपटली तर पोचा पडत नाही, जोरात आपटली तर डबा फुटतो. तेवीस नंबरमध्ये ते काम छोटूकडे होतं, त्याचा हात बसलेला. सगळे सामन मासे घ्यायचे, मांस घ्यायचे. हातगाडी फक्त अननस मागायचा. तोही एक डबा, तोही महिनाअखेरीला.”

“आणि महिनाअखेरीला अननस आणणारी क्वीन्सलंडची बोट नाही लागली, तर तेवीसवाले आमच्याकडे यायचे,” गार चहा म्हणाला. “तुमच्याकडे मागचा पडला असेल तर द्या, बदल्यात दोन सामन घ्या. अकरा वर्षं चाललं होतं ते. अख्ख्या धक्क्याला पहिला रविवार पाठ होता.”

कोरल लहान असताना आई तो डबा ओट्यावर ठेवायची आणि म्हणायची, चांगला डबासुद्धा आणवत नाही या माणसाला. कोरल ते विसरली नव्हती. तिने ते इथे सांगितलं नाही.

“मग निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत कुणी त्यांना भेटायला कसं आलं नाही?” तिने विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा कडक निघाला.

बिशप आणि गार चहा यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आम्हाला वाटलं तू नेलंस त्याला,” बिशप म्हणाला. “तोच म्हणाला होता, निवृत्तीच्या पार्टीत. मुलगी बोलावते आहे शहरात, जावं म्हणतो. आम्ही म्हटलं, सुटला बिचारा.”

कोरलने त्याला बोलावलं नव्हतं. तसा विषयही कधी निघाला नव्हता. व्हॉस्टबाईंची खोली या हॉलपासून वीस मिनिटांवर होती. चार वर्षं तो त्या खोलीत राहिला, आणि बहुधा या रस्त्याने जायचं टाळत राहिला.

गार चहाने तिच्यापुढे कप ठेवला. तिने अर्धा प्यायला.

“हातगाडी का म्हणायचे?” तिने विचारलं.

गार चहाने किटलीकडे पाहिलं. बिशपने मात्र उत्तर देऊन टाकलं, कारण नावांच्या बाबतीत विचारलं की उत्तर द्यायचं हा त्याचा शिरस्ता होता.

“ढकलल्याशिवाय हलत नाही. म्हणून.”

“म्हणजे आळशी.”

“तसं म्हटलं तर.”

“उलट आहे ते,” गार चहा म्हणाला. “सकाळपासून ढकलत राहा, हातगाडी तक्रार करत नाही. असा अर्थ.”

“तुला काय माहीत? तू तर तेव्हा बिअरच्या कारखान्यात होतास.”

“आणि तुला कोणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना म्हणजे तुला.”

दोघांची जुंपली. कोरलने कप खाली ठेवला. मागे लागल्याशिवाय या माणसाने आयुष्यात एक गोष्ट केली नाही, हे आईचं वाक्य तिने लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की ते वडिलांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असावं असं तिला वाटायचं. आता धक्क्यानेही तेच लिहून ठेवलं होतं, फक्त एका शब्दात. गार चहाचं म्हणणं तिला खरं वाटलं नाही. तो भला माणूस होता आणि तिच्यासमोर बसला होता, एवढंच.

ती उठली. “उद्या अकराला याल?”

“मला आता एकाच अंत्यविधीला जायची परवानगी आहे, माझ्या,” बिशपने काठ्यांवर हात ठेवत म्हटलं. “आणि हा खोली सोडत नाही, गेल्या वर्षी कुणीतरी किटली चोरली. पण निरोप पाठवतो. हातगाडी गेला, शुक्रवारी अकरा. संध्याकाळपर्यंत सगळ्या बंदरात होईल.”

“पेनहेल म्हणून सांगा.”

“कशाला? लोकांना गोंधळात पाडायला? आणि हे बघ, पेपरातही हातगाडी घाल. नावानंतर कंसात घालतात. माझ्या वेळेला तर मी सांगून ठेवलंय, कंस मोठा काढा.”

पेपरचं जाहिरातींचं काउंटर चारला बंद व्हायचं. कोरल पावणेचारला पोचली. दुसऱ्या दिवशीसाठी नोटीस पुन्हा छापायची होती. तिने फॉर्मवर वडिलांचं नाव लिहिलं, कंस उघडला, हातगाडी असं लिहिलं आणि त्या शब्दाकडे बघत राहिली. वर्गात मुलं एकमेकांना नावं ठेवायला लागली की ती धडा थांबवायची. फळ्यावर कुणी कुणाचं टोपणनाव लिहिलं तर लिहिणाऱ्याला ते पुसायला लावायची. बापाची शेवटची नोटीस, आणि त्यात तो आळशी होता हे तिनेच छापून आणायचं?

तिने शब्द खोडला. आणखी दोन रेघा मारून तो वाचता येणार नाही असा केला.

काउंटरवरची बाई चष्म्यातून बघत होती. “बंदरातले होते ना?”

“हो.”

“मग असू द्या ते. तिकडचे लोक मोठं नाव वाचत नाहीत हो. थेट कंसातलं वाचतात.”

“बुधवारी होती तशीच छापा,” कोरल म्हणाली.

शुक्रवारी ऊन होतं आणि समुद्रावरून वारा सुटला होता. दफनभूमीच्या फाटकाशी काळा बोर्ड होता, त्यावर पांढऱ्या अक्षरांत दिवसाचे अंत्यविधी. अकरा वाजता पेनहेल, बारा वाजता शुल्झ. प्रार्थनाघर फाटकापासून शंभरेक पावलांवर. आत पहिल्या बाकावर कोरल, तिच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका, मागच्या बाकावर व्हॉस्टबाई. भिंतीला टेकून नँकिव्हेलची चार माणसं आणि खुद्द नँकिव्हेल. पाचवा आणि सहावा कोण, हे कोरलने विचारलं नाही. पेटीवर शाळेने पाठवलेली फुलं होती.

अकराला दहा कमी असताना बाहेर गाड्यांची दारं वाजायला लागली. अकराला पाच कमी असताना मेथडिस्ट पाद्रीबुवा खिडकीतून डोकावून आले. “बाराची मंडळी फारच लवकर आली,” ते म्हणाले. अकरा वाजले. दारातून आत कुणी आलं नाही.

“सुरू करायचं?” पाद्रीबुवांनी विचारलं.

“दोन मिनिटं,” कोरल म्हणाली, आणि पायऱ्यांवर आली.

फाटकाजवळ चाळीसएक माणसं उभी होती. सगळे म्हातारे किंवा म्हातारपणाला टेकलेले. काळे, करडे, तपकिरी कोट, त्यातले बरेचसे अंगाला घट्ट. हॅट हातात. दोघे-तिघे बोर्डापुढे उभे होते, आणि त्यांचं बोलणं वाऱ्याबरोबर सरळ तिच्यापर्यंत येत होतं.

“यातला एकही आपला नाही.”

“नीट वाच.”

“दोनच तर नावं आहेत. पेनहेल आणि शुल्झ. शुल्झ म्हणजे बेकरीवाला.”

“बिशपने वार चुकवला.”

“बिशप कुणाच्या मरणाचा वार चुकवत नाही. जागा चुकवली असेल. वेस्ट टेरेसच्या दफनभूमीत असणार.”

“शहरात? मग पळा. वीस मिनिटं लागतील.”

“चला चला. हातगाडी एकटा पडायचा.”

टोळकं फुटलं. माणसं गाड्यांकडे निघाली. एक गाडी सुरूही झाली आणि मागे यायला लागली.

कोरल पायऱ्या उतरून चालायला लागली. डोक्यात वाक्य जुळवत होती. माफ करा, पेनहेल म्हणजेच. ते वाक्य शंभर पावलं चालून एकाच्या कानाशी जाऊन हळूच सांगण्यासारखं होतं. पण दुसरी गाडी सुरू झाली, तिसरीत चार जण बसले, आणि चालत जाऊन काही उपयोग होणार नाही हे तिच्या लक्षात आलं. ती वाटेच्या मधोमध थांबली. मधली सुट्टी संपल्यावर मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलांना बोलवायचा आवाज तिच्याकडे होता. तिने तो काढला.

“हातगाडी!”

फाटकाजवळची सगळी डोकी वळली.

“हातगाडी इथे आहे!” ती ओरडली. “पेनहेल म्हणजे हातगाडी! इकडे या!”

मागे येणारी गाडी थांबली. मग इंजिनं एकेक करून बंद झाली. माणसं गाड्यांतून उतरली आणि घाई न दाखवता, पण भराभर, वाटेने वर यायला लागली. सगळ्यांच्या पुढे एक ताडमाड उंच म्हातारा होता. बाकीच्यांच्या डोक्यांच्या वर त्याचं टक्कल दिसत होतं.

“आत आहे का?” त्याने विचारलं.

“आत आहे.”

“तू कोरल.”

त्याने ते विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिने मान हलवली. त्याने बाकीच्यांना हाताने आत जायला सांगितलं.

प्रार्थनाघरात बाक पुरले नाहीत. पाद्रीबुवांनी चष्मा लावला, कागद उघडला आणि सुरुवात केली, “आपले बंधू ऑब्री लिंडसे पेनहेल—” आणि बाकांमध्ये चुळबुळ झाली. मागे कुणीतरी शेजाऱ्याला हळूच म्हणालं, “अजून आधीचाच चाललाय वाटतं.” कोरल उठली, पाद्रीबुवांजवळ गेली आणि त्यांच्या कानात एक शब्द सांगितला. पाद्रीबुवांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पुन्हा सांगितला. त्यांनी घसा साफ केला.

“आपले बंधू हातगाडी,” ते म्हणाले.

चुळबुळ थांबली. कुणी हसलं नाही.

प्रार्थना संपल्यावर नँकिव्हेलच्या माणसांनी पुढे पाऊल टाकलं, आणि टाकलेलं मागे घेतलं. बाकांवरून सहा जण आधीच उठले होते. कोणी उठायचं हे त्यांनी कधी ठरवलं, ते कोरलला दिसलं नाही. उंच म्हाताराही उठला होता, पण एकाने त्याला कोपराने बाजूला केलं. “तू नको, छोटू. पेटी तिरकी होते. मागे पॅडीला आपण कसं नेलं होतं आठवतंय ना, बिचारा पायांकडे सरकला.” छोटू निमूट मागे झाला आणि कोरलच्या बाजूने चालायला लागला.

वाळूची वाट होती. पुढे सहा जणांचे बूट एका तालात पडत होते. कोरलने मान वर करून छोटूकडे पाहिलं. मग विचारलं.

“तुम्ही त्यांच्या टोळीत होतात.”

“सुरुवातीपासून शेवटपर्यंत.”

“हातगाडी कशावरून? बिशप म्हणतात ढकलल्याशिवाय हलत नाही म्हणून.”

“बिशप आमच्या टोळीत नव्हता.” छोटूने हॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “ते नाव तुझ्या बापाचं नव्हतंच. आधी आमच्यात एक मुलव्हेनी होता. हातगाडी तो. तेहतीस साली छातीच्या दुखण्याने गेला. त्यानंतरच्या सोमवारी तुझा बाप त्याच्या जागेवर उभा राहिला. दुपारी कुणीतरी सवयीने ओरडलं, हातगाडी, दोर धर. त्याने धरला. झालं.”

“त्यांनी सांगितलं नाही, की माझं नाव ऑब्री?”

“दोर हातात होता ना. वर दीड टन माल लटकत होता.”

“म्हणजे आळशी तो मुलव्हेनी.”

“असेल. तो आला तेव्हा मी नव्हतो. कदाचित त्यालाही कुणाच्या जागेवरून मिळालं असेल.”

ती काही पावलं चालली. “आणि माझे वडील?”

छोटूने विचार केला. त्याला घाई नव्हती.

“सदतीस वर्षं मी मालाखाली उभा असायचो आणि दोर त्याच्याकडे असायचा,” तो म्हणाला. “मी कधी वर बघितलं नाही.”

पुढे डावीकडच्या माणसाने “बदल!” अशी हाक दिली. सहा जण थांबले. मागच्या गर्दीतून दुसरे सहा पुढे आले, पेटीखाली खांदे लावले, आणि पहिले सहा बाजूला होऊन धापा टाकत राहिले. थोड्या अंतरावर पुन्हा हाक आली आणि तिसरे सहा आले. त्यांतल्या एकाला नीट चालताही येत नव्हतं. त्याच्या शेजारच्याने त्याचा कोट मागून धरला होता.

नँकिव्हेलनी घड्याळ पाहिलं. फाटकाशी शुल्झ मंडळींच्या गाड्या लागत होत्या. खड्डा अजून साठ पावलं दूर होता आणि चौथे सहा जण हॅट शेजाऱ्यांकडे देऊन तयार उभे होते. नँकिव्हेलनी घड्याळ खिशात ठेवलं आणि आपल्या चार माणसांना सावलीत जाऊन बसायला सांगितलं.